मामांचा फोन कोण मागणार

आमच्या घरात त्या व्हिडिओचा विषय निघाला की मी पाणी आणायला उठतो. तहान लागलेली नसते. स्वयंपाकघरात जाऊन पेला विसळतो, पुन्हा विसळतो, आणि बाहेरचं बोलणं दुसऱ्या वाटेला लागलं की परत येऊन बसतो. बरीच वर्षं असंच चाललं आहे. बहीण म्हणते, दादाला तो विषय सोसत नाही, भाचीवर फार जीव आहे त्याचा. जीव आहे हे खरं. बाकीचं मी आज लिहितो आहे, कारण तोंडाने सांगायच्या सगळ्या वेळा मी घालवल्या.

माझी भाची लोकांना हसवते. तोच तिचा पेशा. तिचे वडील लवकर गेले आणि बहीण तिला घेऊन दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात राहायला आली. मंडळाच्या गणपतीत इतर मुली नाचायच्या, तेव्हा या पोरीने प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची नक्कल केली, पाहुणे समोर खुर्चीत बसलेले असताना. बहिणीने पदर तोंडावर घेतला. पाहुणे मात्र सगळ्यात जास्त हसले. मला वाटतं, तिथेच तिचा गैरसमज झाला की मोठ्या माणसांवर हसलं तर मोठी माणसं हसतात.

कॉलेजात गेल्यावर ती सयाजीगंजात एका खाण्याच्या जागेखालच्या तळघरात कार्यक्रम करू लागली. ऐकायला होस्टेलची मुलं. बोलणं गुजरातीत, हिंदीत, मधेमधे इंग्रजीत. मराठी फक्त चिडली की. पुढे एका छोट्या वेब चॅनलने तिला आठवड्याला एकदा शहराच्या बातम्यांवर बोलायला बसवलं. समोर सेव-उसळीची प्लेट ठेवून ती महापालिकेचं अंदाजपत्रक समजावून सांगायची. "वरची ही शेव म्हणजे उद्घाटन. हा रस्सा म्हणजे घोषणा, मागाल तितका मिळतो. आता वाटाणे शोधा. वाटाणे म्हणजे काम." आणि खरंच चमच्याने शोधत बसायची, बोलता बोलता, गंभीर चेहऱ्याने. भाजीवाले तिला ओळखायला लागले. मग अहमदाबादच्या वाहिन्यांवरच्या चर्चेत बोलावणी येऊ लागली. पडद्यावर आठ चौकटी, त्यात ही कोपऱ्यात. "मामा, टीव्हीवर मला भाड्याने मिळाली तीही कोपऱ्यातली खोली," म्हणायची.

मला आधी ते काही आवडलं नव्हतं. आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आमच्याकडे अजूनही 'सरकार' म्हटलं की दिल्ली-गांधीनगर डोळ्यांपुढे येत नाही, राजवाडा येतो. अशा घरातली मुलगी माइक घेऊन उभी राहते, याचं काय सांगायचं? पुण्या-ठाण्याचे नातेवाईक फोनवर विचारायचे, "तिचं ते नकलांचं अजून चालू आहे का?" मी म्हणायचो, "चालू आहे," आणि विषय बदलायचो. पण मंडईत कोणी "तुम्ही त्या बेनचे मामा ने?" असं विचारलं की पिशवी या हातातून त्या हातात घेऊन जरा वेळ थांबायचो.

तळघरातलं सगळं एक मुलगा सांभाळायचा. लग्नाच्या मांडवांना साउंड लावायचा त्याचा धंदा. इथले दिवे, माइक, दार हे सगळं तो तिच्यासाठी फुकट करायचा. गुजराती घरातला, पण आमच्याकडे येऊन येऊन मराठी शिकला होता आणि वाक्याच्या शेवटी 'ना'च्या जागी 'ने' लावायचा. दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं. दोन्ही घरांनी नाक मुरडून झालं होतं, आणि दिवाळीनंतर साखरपुड्याची बोलणी करायची होती.

त्या तळघराचा एक नियम होता. नवं काही पहिल्यांदा करून बघायचं असेल त्या दिवशी दाराशी सगळ्यांचे फोन कापडी पिशवीत घ्यायचे. मी तिला विचारलं होतं, एवढं काय त्यात. ती म्हणाली, "मामा, हे कच्चं असतं. कुठे हसतात, कुठे लागतं, ते बघून मग नीट करायचं. अर्धी भाजलेली भाकरी ताटात वाढतो का आपण?"

त्या वर्षी पावसाळ्यात नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. आम्ही तोवर समा भागातल्या एका सोसायटीत राहायला आलो होतो, तळमजल्यावर. मी, बहीण आणि भाची, तिघंच. घरात पाणी आलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाने आम्हाला वर घेतलं. त्यांच्या घरातल्या आजींनी, बांनी, आम्हाला पाणी उतरेपर्यंत खिचडी-कढी खाऊ घातली. नदीतली मगर सोसायटीच्या फाटकापर्यंत आली होती, तीही आम्ही त्यांच्या गच्चीवरून पाहिली.

भाचीने त्या पुरावर नवं काही लिहिलं आणि रविवारी दुपारी ते करून बघायचं ठरवलं. "मामा, या," म्हणाली. "तुम्ही आहात त्यात." मी गेलो. माझा गुडघा दुखतो म्हणून त्या मुलाने माझ्यासाठी खास खुर्ची लावली होती, मागे, त्याच्या साउंडच्या टेबलाला लागून. पिशवी घेऊन एक कॉलेजची मुलगी रांगेरांगेतून येत होती. माझ्यापाशी येऊन ती घुटमळली. तो टेबलावरून न बघताच म्हणाला, "अरे, मामांचा फोन कोण मागणार? पुढे चाल."

मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं.

ती उभी राहिली. आधी गुजराती शेजाऱ्यांवर घेतलं. पाणी सोसायटीत शिरल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी पहिलं काय वाचवलं? आई नाही, बायको नाही, खाखऱ्यांचा डबा. मगर सोसायटीत आली, नगरसेवक नाही आला; मगर निदान घरोघर फिरली तरी. काका गच्चीवरून मगरीला विचारतात, "जम्या के नहीं?", जेवलात की नाही, आणि पाणी उतरल्यावर मत पुन्हा त्याच नगरसेवकाला, कारण "आपणो माणस छे." लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. मला वाटलं, हे पुण्याला दाखवलं पाहिजे. नकला, नकला म्हणतात, बघा म्हणावं एकदा. मी फोन गुडघ्यावर उभा धरला.

मग ती थांबली. म्हणाली, "आणि हे सगळं मी कुठून बघत होते? त्याच काकांच्या गच्चीवरून. त्यांच्याच ताटात जेवत. ते डबा वाचवत होते, कारण खाली आम्ही तीन माणसं उपाशी होतो." तळघर शांत झालं. आणि त्या शांततेत तिने मान किंचित मागे टाकली, हात पाठीमागे बांधले. तो मी होतो. "माझे मामा. बांची कढी पितात आणि म्हणतात, साखर जरा जास्तच पडली आहे. पाण्याकडे बघून म्हणतात, सरकारांच्या काळात असं पाणी कधी आलं नाही. यांच्या आजोबांनी गटारं बांधली नव्हती, गटारांच्या फायली लावल्या होत्या, पण ऐट अशी की नदी यांना विचारून वाहायची." एवढ्यावर ती थांबली नाही. "काकांनी त्या नगरसेवकाला गुपचूप मत दिलं. आम्ही? पाणी उतरलं, गणपती बसले, आणि आरतीला त्याच नगरसेवकाला बोलावून शाल घातली. कोणी? मामांनी. फोटो आहे. त्यात मगर सोडून सगळे हसताहेत."

सगळे वळून माझ्याकडे बघत हसले. मीही हसलो. शाल मीच घातली होती.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पहिला भाग बघताना अभिमान वाटला. दुसरा आला आणि कान तापले. पुण्याच्या चुलतभावाने, ठाण्याच्या वहिनींनी हे बघायचं? फायली, कढी, शाल? व्हिडिओ कापायला मला भाचीनेच शिकवलं होतं, गणपतीच्या आरतीचे तुकडे पाठवता यावेत म्हणून. मी ती थांबते तिथपर्यंत ठेवलं आणि पुढचं काढलं. तो तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमची भाची."

तासाभराने मला जरा धाकधूक वाटली. नियम होता, तो आठवला. मी तो तुकडा काढून टाकला, चुकून आला असं लिहिलं. पण तेवढ्यात कोणीतरी तो पुढे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवरून परत आला. आता त्यावर लाल अक्षरांत गुजरातीत लिहिलं होतं: पुरात बुडणाऱ्या गुजरात्यांवर हसणारी ही बाई बघा.

त्यात खोटं काही नव्हतं. ती हसत होती, गुजराती बुडत होते. जिथे ती वळते ते मी काढून टाकलं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पोलीस ठाण्यात तक्रार झाली. तिला तिथे बाकावर बसवून ठेवलं. तळघराच्या मालकाने सांगितलं, इथे आता नको. चॅनलवाला सभ्य माणूस होता, म्हणाला, "बेन, थोडा दिवस आराम करो." ते थोडे दिवस अजून चालू आहेत. अहमदाबादच्या एका वाहिनीने तिच्यावर चर्चा ठेवली. आठही चौकटींत दुसरीच माणसं.

ती वर बांकडे गेली होती. परत आली ती भिंतीला टेकून खाली बसली. बहिणीने विचारलं, काय म्हणाल्या. "पाणी दिलं. म्हणाल्या, बेटा, तू तर माझ्याकडे जेवली होतीस ना. एवढंच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, पुढचं त्यांच्यावरच होतं. त्यांच्याच बाजूने. तुम्ही होतात ना, ऐकलंत ना? पूर्ण कोणाकडे असतं तर मी आत्ता वर जाऊन दाखवलं असतं."

पूर्ण माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मी म्हणालो, "हो, ऐकलं."

मला वाटलं होतं, आता सांगावं लागेल. पण तिने तोपर्यंत हिशेब मांडला होता. फोन सगळ्यांचे पिशवीत होते. व्हिडिओ मागून, साउंडच्या टेबलावरून घेतलेला दिसत होता. टेबलाशी एकच माणूस उभा असतो. त्या माणसाला तिने आमच्या घरी बोलावलं आणि माझ्यादेखत विचारलं.

"सगळ्यांचे फोन घेतले होतेस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी चष्मा पुसत होतो.

"घेतले होते," तो म्हणाला.

"मग राहिलं कोण?"

"मला माहीत नाही."

"लागलं असेल तुला. लागलं असेल तर मला सांगायचं ना तोंडावर. तुझ्याच लोकांवर होतं."

तो म्हणाला, "माझे लोक कोण, ते पण तूच ठरवणार ने?" आणि चपला घालून गेला. साखरपुड्याची गोष्ट त्यानंतर कोणी काढली नाही.

दोन-चार दिवसांनी तो फाटकाशी आला. घरात बाकी कोणी नव्हतं. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"मामा, आखो, पूर्ण व्हिडिओ तुमच्याकडे असेल ने?"

मी फाटकाची कडी वरखाली केली.

"माझं राहू द्या. मी सांगू तर तिला वाटेल, स्वतःला वाचवायला वडीलधाऱ्या माणसावर ढकलतो. आणि घरात भांडण लागेल ते वेगळं. पण तुम्ही आखो टाका. नाव नका सांगू हवं तर. तिचं वाचेल."

मी म्हणालो, "आत्ता ती फार बिथरली आहे. जरा शांत होऊ दे. मी बघतो."

"भले," तो म्हणाला. मोटरसायकल सुरू करण्याआधी वळून म्हणाला, "लवकर बघा, मामा."

मी बघितलं. जेवण झाल्यावर पलंगावर बसून तो पूर्ण व्हिडिओ बघितला, शेवटपर्यंत, शालीपर्यंत. तो टाकला तर तिचं वाचणार होतं हे मला कळत होतं. पण कोणी चित्रण केलं हा प्रश्न येणारच, आणि कापलं कोणी हाही. काय कापलं हे तर सगळ्या जगाला दिसणार. एक म्हातारा माणूस, कढीत साखर पडली म्हणून कुरकुरणारा, आणि त्याला ते चारचौघांत गेलेलं नको होतं म्हणून भाचीला बुडवणारा. मी तो व्हिडिओ पुसून टाकला. फोनने विचारलं, नक्की पुसायचा का. मी हो म्हटलं. आता त्यातलं जे उरलं आहे ते वर लिहिलं तेवढंच, तेही माझ्या आठवणीतलं. तिचे शब्द याहून चांगले होते.

शेवटी तक्रार मिटवायला वकिलाने सुचवलं की तिने माफीचा व्हिडिओ टाकावा. तो आमच्याच बैठकीच्या खोलीत घेतला, कपाटाशेजारच्या पांढऱ्या भिंतीपुढे. तिने बहिणीची साडी नेसली होती. मला म्हणाली, "मामा, तुम्ही धरा फोन. तुमचा हात हलत नाही." ती हात जोडून उभी राहिली आणि गुजरातीत म्हणाली, माझ्यामुळे ज्यांची मनं दुखावली त्या सगळ्यांची मी माफी मागते. तीन वाक्यं होती. दुसऱ्या वाक्यावर आवाज चिरकला. परत घेतलं. परत चिरकला. ज्या पोरीने आयुष्यभर माइकपुढे कोणाची भीती बाळगली नाही, तिला ती तीन वाक्यं सरळ म्हणता येईनात. शेवटचं जमलं तेव्हा म्हणाली, "हा पूर्ण जाऊ द्या, मामा. यातलं काही कापलेलं नको."

माझा हात खरंच हलला नाही.

ती पुण्याला गेली. सुरुवातीला दुसऱ्यांच्या कार्यक्रमांसाठी लिहायची, पडद्यावर नाव न येता. जाहिरातींना आवाज द्यायची. राजकारणावर एक अक्षर नाही. सणासुदीला यायची तेव्हा टीव्हीवर बातम्या लागल्या की उठून बाल्कनीत जायची. मी आत पाणी आणायला, ती बाल्कनीत. बहीण एकटीच बातम्या ऐकायची. तो मुलगा इथेच आहे. मांडवांना साउंड लावतो. आमच्या सोसायटीच्या नवरात्रात एकदा त्याचीच गाडी आली होती. मला पाहून त्याने मान हलवली आणि वायर सोडवत राहिला. मी घरात गेलो आणि गरबा संपेपर्यंत बाहेर आलो नाही.

मग भाची मराठीतून पुन्हा उभी राहू लागली. या वेळी घरगुती विषय: लग्नाची स्थळं, आई, घरमालक. त्यातला एक तुकडा फार गाजला. एक मुलगा असतो, तो प्रेयसीसाठी सगळं करतो, दिवे लावतो, माइक लावतो, दाराशी लोकांचे फोन गोळा करतो, आणि स्वतःचा फोन मात्र खिशात ठेवतो. मुंबईत, नाशकात, सगळीकडे तो तुकडा मागून घेतात म्हणे. बहिणीने मला ते मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.

गेल्या हिवाळ्यात बहिणीला आणि मला तिने पुण्याला नेलं. रविवारी दुपारचा कार्यक्रम होता. गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं. या वेळी सांगायचं, कार्यक्रम झाला की लगेच, बहिणीसमोर सांगायचं, म्हणजे पळता येणार नाही. दाराशी एक मुलगी पिशवी घेऊन उभी होती. "आजोबा, फोन," म्हणाली. मी काढून दिला. एवढं सोपं होतं ते.

तो तुकडा आला तेव्हा सभागृह दणाणून गेलं. त्याच्या 'ने' वर लोक हसले. त्याच्या चालण्यावर हसले. मांडवात वायरी ओढत तो कसा वाकतो, ते तिने हुबेहूब केलं, आणि मला तो सोसायटीच्या अंगणात वाकलेला दिसला. ती आमच्या रांगेकडे बघत होती. बहीण डोळे पुसत हसत होती. मी हसलो.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर आली, घामेजलेली, हातात पाण्याची बाटली, खांद्याला तिची पिशवी. बहीण आत चहा घेत होती. आम्ही दोघंच पायऱ्यांवर.

"मामा, खरं सांगा. तो फोनवाला तुकडा जास्त होतो का?"

"का?"

"असंच. आता करताना मजा नाही येत. लोक हसतात, पण मला कधीकधी वाटतं, त्याने केलं नसेल तर? तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता हो. दुसरीकडेच कुठेतरी बघत होता." तिने बाटलीचं झाकण फिरवलं. "तुम्ही म्हणाल तर काढून टाकते. माझं तुमच्यावर सोडलं."

माझं वाक्य तयार होतं. त्याने नाही, मी. पूर्ण माझ्याकडे होतं, आणि मी माझ्यावरचं कापलं, मग उरलेलंही पुसून टाकलं. तुझं काम गेलं, तो मुलगा गेला, बांच्या घरचं जाणं-येणं गेलं, ते सगळं माझ्या एका शालीसाठी. तू हात जोडून माफी मागत होतीस तेव्हा फोन मी धरला होता. ती माफी माझी होती. मला क्षमा कर, आणि करता आली नाही तर नको करूस, पण त्याला आजच्या आज फोन लाव.

"राहू दे," मी म्हणालो. "लोक हसतात ना."

तिने मान डोलावली. मग आठवल्यासारखं करून पिशवीतून मी दाराशी दिलेला फोन काढला, ओढणीने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो खिशात ठेवला आणि म्हणालो, "रिक्षा बघ, आईला उशीर होईल."